चढणाऱ्याची वाट

ऐका हो ऐका!

लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतल्या तमाम लहानथोरांना, आजी सरपंचांना, माजी सरपंचांना आणि पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं मनात धरून बसलेल्या सर्वांना कळवण्यात येतं की, मागच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी, सकाळच्या प्रहरी, अहमदपूरच्या पुढच्या डोंगरात, भर पायवाटेवर, एक इसम सायकलवरून उतरला नाही. पडला नाही. कुणाला धडकला नाही. नुसता उतरला नाही. सदर घटनेनंतर सूर्य नेहमीच्याच बाजूला मावळला. म्हशींनी दूध दिलं. धरणी फाटल्याची बातमी कुठल्याच तालुक्यातून आलेली नाही. तरी सर्वांनी ध्यानात घ्यावं होऽ!

दवंडी द्यायचा मला अधिकार आहे. आमचे आजोबा गावात दवंडी द्यायचे. हौस म्हणून नाही, ते काम आमच्याच वाट्याला होतं. गल्लीगल्लीत जाऊन घसा फोडायचा, पण कुणाच्या ओसरीवर पाय ठेवायचा नाही, असं ते काम. मीसुद्धा तेच करतो, फक्त पगारावर. लातुरातल्या बसस्थानकावर कंट्रोलर आहे. 'अहमदपूरमार्गे मुखेडकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे' असा जो आवाज तुमच्या कानात खरखरतो, तो माझा. आजोबांना हलगी होती, मला माइक आहे. आजोबांचं लोक ऐकायचे तरी. माझं ऐकून झाल्यावर लोक खिडकीशी येतात आणि विचारतात, "मुखेडची गाडी कुठं लागली हो?"

तर तो इसम म्हणजे मी.

अपमान आधी सांगतो. तोच आधी झाला.

अहमदपूर सोडलं की डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याचं एक हॉटेल आहे. तिथं आमच्या सायकल ग्रुपचा पहिला चहा असतो. लातूरहून सायकली गाड्यांवर टाकून आणायच्या, चहा प्यायचा आणि मग डोंगर चढायचा. सायकली म्हणजे साध्या नव्हेत. जाड टायरच्या, गिअरच्या, दगडाधोंड्यांतून जाणाऱ्या. ग्रुपचे कॅप्टन विक्रमदादा. लातुरात खतं-बियाण्यांची मोठी एजन्सी, घरची बागायत, हेल्मेटवर कॅमेरा. त्यांच्यानंतर नेहमी मन्मथअप्पा. त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंग आणि त्या दोन्हीच्या खाली भलंमोठं पोट. ते पोट कमी करायला ते ग्रुपमध्ये आले आणि प्रत्येक थांब्याला भजी मागवत राहिले. तिसऱ्या शिल्पा मॅडम, दातांच्या डॉक्टर. आणखी तिघंचौघं असायचे, ते येऊनजाऊन. आणि सगळ्यात शेवटी मी.

दादांना चहाबरोबर नियम सांगायची सवय. शाळेत प्रतिज्ञा होते तशी. त्या दिवशी विषय होता डोंगरातल्या वाटेवर एकमेकांशी कसं वागायचं. एटिकेट.

"खालून चढणाऱ्याला वाट द्यायची," दादा बोट वर करून म्हणाले. "वरून येणाऱ्यानं थांबायचं. जागा नसली तर वरून येणाऱ्यानं सायकलवरून उतरायचं, कडेला व्हायचं. चढणाऱ्याची लय तुटली की तो परत सुरू होऊ शकत न्हाई. जगात सगळीकडं हाच नियम हाय."

मी हा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा काटा आला होता अंगावर. खालून वर येणाऱ्याला वाट द्या! असा नियम कुणीतरी केलाय, तो जगभर चालतो आणि लातूरचे खतवाले तो तोंडपाठ म्हणून दाखवतात! मला वाटायचं, मी अगदी बरोबर ठिकाणी आलोय.

मग दादांनी सहज विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले हो?"

"मुखेडकडचा."

हे आमचं ठरलेलं उत्तर. गाव विचारलं की तालुका सांगायचा. गाव सांगितलं की गल्ली विचारतात. गल्ली सांगितली की पुढं काही विचारत नाहीत.

"मुखेडकडं कुठं? माझं आजोळ तिकडंच हाय."

मी गावाचं नाव सांगितलं. काय करणार? तोंडात भजं होतं, थाप सुचली नाही.

दादांचा चेहरा उजळला. "आरं! तेच तर आजोळ माझं! थांबा, तिथं एक काळी सायकलवाला होता बघा. जिनिंगमध्ये कामाला जायचा. त्या ओढ्यापलीकडच्या वस्तीतला."

"माझे वडील ते."

"तुझा बाप?"

बघा. चहाचा एक घोट. त्या एका घोटात 'तुम्ही' गिळून झालं.

दादा उठून उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना हाक मारली. "ऐका रे सगळे. एटिकेट कशाला म्हणतात सांगतो. ह्याचा बाप. माझ्या मामाचं घर आलं की सायकलवरून उतरायचा, खाली वाकायचा, आन् पायी पायी पुढं जायचा. रोज. मामा ओसरीवर नसले तरी उतरायचा. कुणी सांगायची गरज न्हाई. आता कुठं राहिली अशी माणसं?"

कुणीतरी "वा!" म्हणालं.

अप्पा म्हणाले, "जुनी माणसं ती जुनीच."

शिल्पा मॅडमनी कपात बघितलं. कपात काही नव्हतं.

दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, दोनदा थोपटला. "बापाचं नाव राख."

आणि मी हसलो. दात दाखवून. दातांच्या डॉक्टरसमोर.

वाकायचा.

आता तुम्हाला वाकण्याची गोष्ट सांगतो. ती जगात दोनच माणसांना माहीत होती. त्यातला एक आता नाही.

आम्ही बौद्ध. गाव अजून जुनंच नाव घेतं. वडील मुखेडच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी ओढायचे. आमच्या वस्तीत सायकल एकच, ती आमची. बाजाराच्या दिवशी वडील मला पुढच्या दांड्यावर बसवायचे. दांडा रुतू नये म्हणून त्याला टॉवेल गुंडाळायचे. मी हँडल धरायचो आणि घंटी माझ्या ताब्यात. वाटेत येईल त्याला घंटी. कोंबडीला घंटी, दगडाला घंटी. ओढा ओलांडून आम्ही गावात शिरायचो. मारुती मागं पडला की वडील ब्रेक दाबायचे.

"उतर."

"का?"

"चैन पडली."

मी उतरायचो. वडील उतरायचे. वाकून चैनीला हात लावायचे, बोटं काळी करून घ्यायचे, आणि मग सायकल हातात धरून चालायला लागायचे. उजव्या हाताला ते मोठं घर. ओसरी. ओसरीवर माणसं. पुढं विहीर लागली की म्हणायचे, "बस. झाली नीट."

दर वेळेला. त्याच जागेवर.

मी पोरगं. मला वाटायचं, त्या जागेतच काहीतरी आहे. तिथं चैन पडते. मी एकदा एकटा जाऊन जमीन तपासून आलो. एखादा दगड, खड्डा, खिळा. काही नव्हतं. मग माझ्या मनानं घेतलं की जमिनीच्या खालून काहीतरी ओढत असणार. हा माझा शोध मी वर्गात जाहीर केला. आजोबांच्या आवाजात. "त्या घराच्या दारापुढं कुणी सायकल नेऊ नका रे, तिथं चैन पडती!"

सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "चैन न्हाई पडत येड्या. तुमच्या लोकांना तिथं उतरावंच लागतंय."

गुरुजी फळ्याकडं तोंड करून हसत होते. पाठ हलत होती त्यांची.

पुढच्या बाजाराला मी दांड्यावर बसलो. घंटी वाजवली नाही. मारुती गेला. ब्रेक लागला. "उतर. चैन पडली." मी उडी मारली आणि वडलांचा हात पोचायच्या आधी खाली वाकून चैन बघितली.

चैन जागेवर होती. ताठ. तेल लावलेली.

वडलांनी मला बघताना बघितलं. आम्ही दोघं तसेच वाकलेलो. ओसरीवरून कुणीतरी खाकरलं. वडलांनी चांगल्या चैनीला हात लावला, बोटं काळी केली आणि चालायला लागले. त्यानंतर मी कधी दांड्यावर बसलो नाही. बाजाराला ओढ्याच्या काठाकाठानं पायी जायचो.

वडील नाटक करत होते. प्रेक्षक एकच, मी. पोराला कळू नये की बाप कशाला उतरतो, म्हणून त्यांनी दर बाजाराला एक धडधाकट चैन पाडली. आणि ओसरीवर बसलेल्यांना वाटत होतं, हा वाकून रामराम घालतोय! त्यांच्याच मांडीशी सुट्टीला आलेला एक भाचा बसलेला होता. तो हे संस्कार बघत होता. मोठा झाला, हेल्मेट घेतलं, कॅमेरा लावला आणि पत्र्याच्या हॉटेलात माझ्या खांद्यावर हात ठेवून मला सांगायला लागला, "बापाचं नाव राख."

आता तुम्ही विचाराल, अशा लोकांत तू गेलास कशाला?

माझी मुलगी पुण्यात कमावते. तिनं वाढदिवसाला ही सायकल पाठवली. खोक्यातून निघाली तेव्हा बायको म्हणाली, "ह्या वयात डोंगर? जिना चढताना 'आगं आई' म्हणता की." पण मी चढलो. मला आवडलं. दमायला आवडलं. ढोपरं फुटायला आवडलं. वर पठारावर पोचलं की छाती धडधडते, खाली पाझर तलाव चमकतो आणि असं वाटतं, आत्ता माइक पाहिजे होता हातात. एकट्यानं डोंगरात जाऊ नये म्हणतात, म्हणून ग्रुप. ग्रुप नियमानं चालतो हे ऐकून तर मी फारच खूश झालो. गावात नियम कुठं लिहिलेले नव्हते. 'उतरा' असं कुणी म्हणत नव्हतं. नुसती एक नजर असायची. नजरेशी भांडता येत नाही. नियमाशी येतं. म्हणून मला नियम आवडतात.

पहिल्याच फेरीला दादा म्हणाले, "तुम्ही स्वीप राहा." ग्रुपमध्ये सगळ्यांच्या मागं एक माणूस ठेवतात. कुणाची हवा गेली, कुणी मागं राहिलं तर सोबतीला. ती जागा आळीपाळीनं फिरते, असा नियम. आमच्यात ती फिरली नाही. पंप माझ्याकडं, ट्यूबा माझ्याकडं, अप्पांच्या चिवड्याची पिशवी माझ्याकडं. स्वीप म्हणजे झाडणं. हा शब्द मी शाळेत शिकलो होतो. पण मनावर घेतला नाही. विश्वासाचं काम दिलंय असं समजत राहिलो.

मागं राहण्याची गंमत सांगू? वाट जिथं फुटते तिथं पुढच्यांनी थांबायचं, शेवटचा येईपर्यंत, असा नियम आहे. आमचे लोक थांबायचे. पाणी प्यायचे, फोटो काढायचे, मांड्या चोळायचे. मी धापा टाकत पोचलो की दादा म्हणायचे, "आलात? चला." सगळे ताजेतवाने होऊन निघायचे आणि मी पोचलो त्याच श्वासावर परत पायडल मारायचो. म्हणजे थांबायचे माझ्यासाठी, आणि विसावा त्यांना.

आणि शिव्या. पुढचे धुरळा उडवत जायचे. मेंढरं उधळायची, कुत्री चवताळायची, पाटी घेऊन चाललेल्या बायांना बांधावर चढावं लागायचं. पण त्यांच्या तोंडून शिवी निघेपर्यंत पुढचे पार झालेले असायचे. शिवी पोचायची माझ्यापर्यंत. एका म्हाताऱ्या धनगरानं मला माझ्या सात पिढ्यांसकट घेतलं. मी थांबलो, सायकलवरून उतरलो, त्याची मेंढरं गोळा करायला हात लावला. दादा पुढून ओरडले, "टाइम खायलात तुम्ही!" त्या चहाच्या अगोदरच्याच रविवारी डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेली एक बाई. तिला वाटलं, सगळे गेले. ती वाटेवर परत आली, आणि मी समोर. ब्रेक दाबला, हँडल वळवलं, बोराटीत पडलो. वाटेवर कुणी माणूस भेटलं की मागं अजून किती जण येतात ते पुढच्यानं सांगायचं, हाही नियम आहे. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. बाई मला म्हणाली, "तुमचं शेपूट कुठं संपतंय ते तरी सांगत जावा की!"

बरोबर बोलली. शेपूट मीच होतो.

ती गोष्ट मी ग्रुपला सांगितली होती. म्हणून तर त्या दिवशी चहावर एटिकेटचा वर्ग भरला. आणि वर्गात उदाहरण म्हणून माझा बाप निघाला.

चहानंतर आम्ही निघालो. ते पुढं, मी मागं. वाट आधी माळावरून जाते, मग डोंगराच्या कडेनं वर चढते. मध्ये एक टप्पा असा आहे की उजव्या हाताला मातीचा उभा काठ, डाव्या हाताला उतार आणि त्या उतारावर बोराटी. मधली वाट एका सायकलीपुरती. त्या टप्प्यावर चढताना तोंडानं श्वास घ्यावा लागतो, सगळ्यात हलक्या गिअरवर यावं लागतं आणि थांबलं की संपलं.

मी चढत होतो. डोक्यात एकच शब्द. वाकायचा. एक पायडल, वाकायचा. दुसरं पायडल, वाकायचा.

शेवटचा माणूस वर पोचल्याशिवाय कुणी खाली निघायचं नाही, असं ठरलेलं असतं. पण दादांना कोवळ्या उन्हात खाली उतरतानाचा व्हिडिओ पाहिजे होता. त्यांनी सगळ्यांना वळवलं. मी वर बघितलं तर समोरून सायकलींची माळ लागलेली. पुढं दादा, मागं अप्पा, त्यांच्या मागं मॅडम आणि बाकीचे.

"साइड! साइड! उतर खाली!"

माझ्या हातांना सवय. ब्रेकवर गेलेच. पाय उचलला गेला. खरं सांगतो, तो पाय अर्धा दांड्यावर आलासुद्धा. आणि मग तो मला दिसला. माझा पाय. माझ्या बापाचा पाय.

मी तो पाय परत पायडलवर ठेवला. दुसरा पाय जमिनीवर टेकवला. टेकणं म्हणजे उतरणं नव्हे. बूड सीटवर. हात हँडलवर.

दादांनी करकचून ब्रेक दाबला. त्यांचं पुढचं चाक माझ्या चाकाच्या समोर येऊन थांबलं. मध्ये वीतभर जागा.

"उतर ना बे."

"चढणाऱ्याची वाट हाय दादा."

"काय?"

"वाट. चढणाऱ्याची. तुम्हीच सांगितलं आत्ता. जगात सगळीकडं."

"अरे सगळी लाइन थांबली मागं."

"थांबू द्या. मी तर रोजच मागं असतो. काही होत न्हाई."

दादा हसले. गिऱ्हाईक उधारी मागायला आलं की हसतात तसं. "नियम ठीक हाय रे. पण बघून वागायचं असतं. तुझा बाप तर वाट मोकळी असताना उतरायचा."

तिथं माझा आवाज फुटला. मी फोडला नाही, तो फुटला. बसस्थानकाचा आवाज. पाच फलाटांना पुरणारा. तो समोरच्या टेकडीवर आपटला आणि परत आला, म्हणून मलाच दोनदा ऐकू आला.

"तो वाकत नव्हता! चैन बघत होता! पोराला कळू नये म्हणून चांगली चैन पडली म्हणायचा! तुमच्या मामाला रामराम घालत नव्हता! तुमच्या मामाकडं त्यानं कधी बघितलं पण न्हाई!"

पाझर तलावावरचे बगळे उडाले. हे मी रंगवून सांगत नाही. खरंच उडाले.

दादांचं हसू गेलं. त्यांनी मान मागं वळवली, सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "काय जमाना आला! आता ह्यांच्यासाठी पण उतरायचं का आपण?"

आपण. ह्यांच्यासाठी. आपण.

त्यांना वाटलं होतं, कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. पण कुणी काही बोललंही नाही. शिल्पा मॅडम हाताचा मोजा नीट करत होत्या. नंतर दोन दिवसांनी त्यांचा मला फोन आला. "मला फार वाईट वाटलं हो त्या दिवशी." मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही दाताला भूल आधी देता का नंतर?" चांगली माणसं आहेत ती. चांगल्या माणसांना वाईट घरी गेल्यावर वाटतं. वाटेवर त्यांना मोजा नीट करायचा असतो.

मला त्या वाटेवर उभं राहून जे कळलं ते सांगतो. एक वर्ष मी समजत होतो की नियम सगळ्यांना सारखा असतो. तसं नव्हतं. नियम त्यांच्या तोंडात होता आणि नजर त्यांच्या डोळ्यांत. तोंड म्हणत होतं, चढणाऱ्याला वाट द्या. डोळे म्हणत होते, कोण चढतोय ते आधी बघू. हीच नजर ओसरीवर बसलेली होती. तिनं आता काळा चष्मा लावला होता, एवढंच. आणि ह्या नजरेला संस्कार म्हणायचं, सभ्यता म्हणायची, एटिकेट म्हणायचं! ज्यानं मान तुकवली त्याला सज्जन म्हणायचं, आणि त्याच्या पोराला सांगायचं, नाव राख.

राखलं. माझ्या पद्धतीनं राखलं.

त्यानंतर ग्रुपनं मला काढून टाकलं. मोबाइलवर 'तुम्हाला काढण्यात आले आहे' असं आलं तेव्हा मी ड्यूटीवर होतो. मी माइक चालू केला आणि मुखेडच्या गाडीची घोषणा अशी दिली की फलाटावरचं कुत्रंसुद्धा उठून उभं राहिलं. दादांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात ते सगळं टिपलं गेलंय. व्हिडिओ अजून आलेला नाही. मी वाट बघतोय. फार सुंदर ऊन होतं त्या दिवशी.

मी सायकल सोडली नाही. डोंगर त्यांच्या एजन्सीचा नाही. रविवारी मी जातो. एकटा जाऊ नये म्हणतात, मी जातो. पाठीवर माझी एकट्याची ट्यूब असते. माझ्या एकट्याचं पाणी असतं. दमलो की थांबतो आणि पुरता श्वास भरल्याशिवाय निघत नाही. मेंढरं दिसली की उतरतो. भारा घेतलेली बाई दिसली की उतरतो, कडेला होतो आणि सांगतो, "मावशी, मागं कुणी न्हाई, मी एकटाच हाय." कुणासाठी उतरायचं हे मला कळतं. पण ते मी ठरवणार. मला उतरायला लावणारा माणूस समोर आला तर मी दिवसभर तिथं उभा राहीन. बूड सीटवर, एक पाय जमिनीवर. मला घाई नाही. आमची घाई संपलेली आहे.

आणि गावात जाणार आहे. ओढ्याकडून नाही, मारुतीकडून. त्या घरासमोरून, सीटवर बसून, घंटी वाजवत. ओसरीवर कुणी असो नसो. आणि तिथून पुढं जेव्हा जेव्हा गावाला जाईन, तेव्हा तेव्हा असाच जाईन. माझी मुलगी आली तर तिला पुढं घालीन, मी मागं. त्या वेळचं मागं राहणं मला चालेल.

हां, एक सांगायचं राहिलं. दादा शेवटी उतरले कसे?

त्यांना लाज वाटली असं समजू नका. कुणाच्या मनात न्यायबुद्धी जागी झाली असंही नाही. उतार फार होता. दादांच्या मागं अप्पा उभे होते, सगळं पोट घेऊन, दोन्ही ब्रेक आवळून. चाक बोटाबोटानं पुढं सरकत होतं, कडेला बोराटी त्यांची वाट बघत होती. दादांच्या शब्दाबाहेर हा माणूस जन्मात गेला नव्हता. दादांच्या घरच्या प्रत्येक लग्नाची भांडी ह्यांच्याच दुकानातून जायची. बोलायचं त्यांच्या मनात नव्हतंच. तोंडातून निसटलं, आणि निसटल्यावर त्यांचे डोळे माझ्यापेक्षा मोठे झाले.

"शिवा शिवा! दादा, उतरा की हो एकदाचं, ब्रेक दाबून हात गेले माझे, आन् वाट बी त्याचीच हाय!"